दुर्मिळ अवयवांच्या शोधात

माणसाचे एक बरे असते. त्याचा एखादा अवयव निकामी झाला तर डॉक्टर असतात, याद्या असतात, रांगा असतात. शिवाय मेल्यावर माझे डोळे घ्या म्हणून आधीच लिहून देणारे सज्जनही असतात. मोटारीचे तसे नसते. मोटार आपले अवयव जिवंतपणीच वाटत सुटते. एक दार इकडे, एक दिवा तिकडे, सीट कुणाच्या तरी ओट्यावर. आणि पन्नास वर्षांनी ते परत गोळा करायला तुम्ही पिशवी घेऊन निघालात, की लोक प्रेमाने चहा देतात आणि विचारतात, "काय हो, निवृत्त झालात वाटतं?"

मी निवृत्त झालो आहे हे खरेच. पण पिशवीचे कारण ते नव्हे. कारण आमच्या वसईच्या वाडीत फणसाखाली उभे आहे. पुढून पाहणाऱ्याला ती १९५१ च्या मॉडेलची डॉज किंग्जवे दिसते. गोलगुबगुबीत मडगार्ड, रुंद जाळी, श्रीमंत घरातल्या सासूबाईंसारखा भारदस्त चेहरा. मागून पाहणाऱ्याला मात्र केळीचे लोंगर वाहून नेण्याचा लाकडी हौदा दिसतो. बाबांनी १९७४ साली ती गाडी मधोमध कापली आणि तिची पिकअप केली. घरात तिला आम्ही 'अर्धी' म्हणायचो. "अर्धी काढ रे बाहेर," "अर्धीत हवा भर," "अर्धीला रात्री ताडपत्री घाल." पाहुण्यांना वाटे, यांच्याकडे कुणी आजारी बाई आहे.

गेल्या वर्षी जुन्या गाड्यांचे एक शौकीन गृहस्थ मुंबईहून आले. त्यांनी पुढून पाहून "वा!" केले, बाजूला सरकून "वा वा!" केले आणि मागे गेल्यावर डोक्यावरची टोपी काढली. मयताला आल्यावर काढतात तशी.

"कुणी वाट लावली हो हिची?"

"वडिलांनी," मी म्हणालो.

गृहस्थ सभ्य होते. त्यांनी जीभ चावली. बाबांना जाऊन तीन वर्षे झालीत हे कळल्यावर दुसऱ्यांदा चावली. मग म्हणाले, "मूळ रूपात आणलीत तर मी घेतो. इंजिनाचं मी बघतो, तसलं इंजिन फार्गो ट्रकातही असायचं, ते मिळतं. तुम्ही फक्त बॉडीचं बघा. मागची दोन दारं, मागची सीट, डिकीचं झाकण, दिवे आणि बॉनेटवरचा मेंढा." यानंतर त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून माझ्या धाकट्या भावाने आतून शंकरपाळ्यांचा डबा मागवला. आमच्या घरात शंकरपाळे व्यवहाराचा रंग पाहून निघतात.

भावाचे म्हणणे चूक नव्हते. अर्धीचे कागद कधीच संपलेले. ती रस्त्यावर येऊ शकत नाही, आणि फणसाखाली आणखी चार पावसाळे काढले तर वजनावारी विकावी लागेल. तिला वाचवायचे तर एकच दार उघडे होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठी मोडतोड न केलेली खासगी गाडी असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढे नूतनीकरणाला ५,०००. मात्र तिने रोज रस्त्यावर हिंडायचे नाही आणि धंदा तर अजिबात करायचा नाही. प्रदर्शनाला जावे, पेट्रोल भरून यावे आणि गुमान घरी बसावे. थोडक्यात, पेन्शन मिळेल, पण आयुष्यात कधी काम केलेले नसावे ही अट! आमची अर्धी एकतीस वर्षे राबलेली. ती या परीक्षेत दारातच नापास होती.

आता प्रश्न असा की बाबांनी चांगली धडधाकट मोटार कापलीच कशाला? शौकीन गृहस्थांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न होता आणि खरे सांगायचे तर त्या दिवसापासून माझ्याही मनात रुतून बसला होता. त्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. घाबरू नका, सनावळी फार नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना एकाच वेळी जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींचे वेड होते. आपल्याला एका स्कूटरचे हप्ते झेपत नाहीत, पण त्यांनी १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, १९४१ साली विशाखापट्टणला जहाजाचा आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो मोटारी आणि डॉज, फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. सुटे भाग अमेरिकेतून यायचे, जोडणी कुर्ल्यात व्हायची. तिकडे शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून हेच करीत होती. मग १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितले, की नुसती जोडाजोडी पुरे, इथे गाडी बनवणार असाल तर राहा. १९५४ साली जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला आणि त्याच साली फियाट ११०० आणली. हीच ती 'डुक्कर फियाट'. पुढे तिच्याच वंशात प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी होऊन ऑक्टोबर २०२३ अखेर सेवानिवृत्त झाली.

या सगळ्यात अमेरिकन गाड्या मात्र परदेशी सोयरीक तुटलेल्या सुनेसारख्या अडकल्या. माहेरहून सुटे भाग यायचे बंद झाले. त्यातून भूक दांडगी. फियाटचे इंजिन ११०० सीसीचे, डॉजचे साडेतीन लिटरच्या वरचे. म्हणजे तीन फियाटींचे पेट्रोल एकटी पिणार. १९७३ साली अरबांनी तेलाचा नळ आवळला, पेट्रोल भडकले आणि मुंबईतल्या मोठमोठ्या बंगल्यांना अचानक साक्षात्कार झाला, की दारातली ही आगबोट आपल्याला परवडत नाही. अशाच एका बंगल्यातून बाबांनी ती डॉज उचलली. सोन्याच्या नव्हे, पत्र्याच्या भावाने.

बाबांना बंगला नव्हता, वाडी होती. वसईच्या वाडीवाल्याचे गणित फार सोपे आणि फार अवघड. माल नाशवंत. केळी, वांगी, तोंडली, विड्याची पाने, मोगऱ्याच्या कळ्या, सगळे पहाटेच्या आत स्टेशनवर पोचले तरच दादरला भाव. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला सुटली. पण वाडी ते स्टेशन हे पाच-सहा किलोमीटर कुठल्याच कंपनीने सोडवले नव्हते. ते डोक्यावरून, बैलगाडीतून नाहीतर टांग्यातून जायचे. त्या काळी तीन चाकांचा टेम्पो होता. जर्मनीतल्या कंपनीचे हे नाव. १९५८ साली बजाज टेम्पोने तो गोरेगावला बनवायला घेतला आणि मराठी माणसाने ते नाव इतके आपले केले, की आज कुठल्याही कंपनीची गाडी असो, सामान हलवायला आपण 'टेम्पो'च बोलावतो. पण नवा टेम्पो घ्यायचा तर पैसा हवा आणि शिवाय घरच्या माणसांना बसवायला मोटार हवी. दोन्ही परवडत नव्हते.

यात बाबा एकटे नव्हते, हे मला फार पुढे कळले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या गिप्सलँड भागातून एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिल्याची गोष्ट तिकडे सांगतात. बाईंचे म्हणणे असे, की आम्हाला मोटार आणि ट्रक दोन्ही घेणे जमणार नाही, तेव्हा रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यात लू बँट नावाचा विशीतला पोरगा होता. त्याने पुढून मोटार, मागून हौदा अशी गाडी आखली आणि १९३४ साली ती बाजारात आली. अमेरिकेला हे सुचायला आणखी वीसबावीस वर्षे लागली. फोर्डची रँचेरो १९५७ ची, शेवरलेची एल कमिनो १९५९ ची. लू बँट १९८७ साली गेला तो अपघातात, आणि तेव्हा तो आपलीच एक १९३४ ची जुनी गाडी चालवत होता. स्वतःच्या कल्पनेवर बसून शेवटचा प्रवास करण्याचे भाग्य इंजिनिअरांत फार थोड्यांना मिळत असेल.

आमच्याकडे डुकरांची गरज नव्हती, बाकी हिशेब तोच. अर्धी रविवारी पहाटे हौद्यात दोन बाकडी टाकून शेजारच्या लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्यांना मिस्साला नेई, सोमवारी वांगी नेई आणि भाद्रपदात आळीतले अकरा गणपती एका खेपेत तळ्यावर पोचवी. सर्वधर्मसमभाव हा शब्द मी शाळेत शिकलो, पण त्याच्या अर्थाला किती धक्के बसतात ते मी हौद्यात बसून शिकलो.

कापण्याचेही शास्त्र असते. एका परिचितांनी आमचे पाहून आपली डुक्कर फियाट कापायला काढली. मिस्त्री म्हणाला, "शेट, हिला चासी नाही." शेटना वाटले, मिस्त्री मजुरी वाढवतोय. पण तो खरे बोलत होता. फियाट ११०० ला वेगळा सांगाडा नसतो. टप, खांब, जमीन, बाजू मिळून एकच कवच, अंड्यासारखे. अंडे अर्धे कापून त्यात माल भरता येत नाही. शेटनी हट्टाने कापली. पहिल्याच खेपेला चार गोणी पडल्या आणि गाडी मधे वाकली. पुढची दारे अशी आवळली, की ड्रायव्हरला खिडकीतून ओढून काढावे लागले. डॉजला मात्र खाली लांबलचक लोखंडी चासी होती आणि बॉडी नुसती वर बोल्टांनी बसवलेली. घर पाडले तरी जोते शाबूत. म्हणून पिकअपसाठी जुन्या अमेरिकन गाड्या शोधत. बाबांनी टप पुढच्या सीटमागून कापला, मागची काच पुढे आणून तिथे बसवली, तिच्याखाली डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकून भिंत केली, सागाच्या फळ्यांचा हौदा केला, साखळीचा फाळका लावला, मागच्या स्प्रिंगांत दोन पाटे वाढवले. पेट्रोलचे इंजिन काढून मद्रासच्या सिम्पसनचे पर्किन्स डिझेल घातले. कापायला अठरा दिवस लागले आणि कागद बदलून घ्यायला अठरा आठवडे. बाबांच्या वहीत सगळा हिशेब आहे: पत्रा, कटाई, वेल्डिंग, लांबी, रंग, आणि सगळ्यांत शेवटी स्वतंत्र ओळीत 'चहा'. चहाचा आकडा रंगापेक्षा मोठा आहे.

तर अशा गाडीचे कापून टाकलेले अवयव मला हवे होते. मी प्रथम शहाण्या माणसासारखा मुंबईला गेलो. ऑपेरा हाऊसचा स्पेअर पार्टचा बाजार झाला, कुर्ल्याची भंगारची दुकाने झाली आणि शेवटी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर एका म्हाताऱ्या दुकानदारासमोर जाऊन बसलो. त्याने मला या विषयातला पहिला धडा दिला. इंजिनाचे, गिअरचे भाग झिजतात, बदलावे लागतात, म्हणून कुणीतरी ते साठवून ठेवतो. मागचे दार कुणी कशाला साठवील? ते झिजत नाही. गाडी मोडली की दार तराजूत जाते आणि वितळून त्याच्या सळया होतात. "तुम्हारा दरवाजा," तो समोरच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाला, "क्या मालूम, उसमें हो."

दुसरा धडा त्याहून मोठा होता. मी ऐटीत डॉजचा मागचा दिवा मागितला. म्हाताऱ्याने गाडीचा फोटो पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "किंग्जवे है ना? तो पीछे का प्लिमथ का माँगो, साहब. ये आगे से डॉज है, पीछे से प्लिमथ."

मी म्हटले, पिकअप केल्यापासून का? तो हसला. पिकअप करण्याच्या आधीपासून! परदेशी धाडायच्या किंग्जवेची बॉडी मुळातच प्लिमथची असे. कंपनीच तिला डॉजची जाळी, डॉजचा मेंढा लावून डॉज म्हणून विकत असे. म्हणजे ज्या मूळ रूपासाठी मी वणवण करीत होतो, ते मूळ रूपच एकाचे तोंड दुसऱ्याच्या धडावर बसवून झालेले होते! गणपतीचे मूळ रूप शोधायला निघावे आणि हत्ती सापडावा, तसे झाले. क्रायस्लर कंपनीने केले तर मॉडेल, आमच्या बाबांनी केले तर वाट लावली. मी प्लिमथचा एक दिवा विकत घेतला, चहा प्यायलो आणि विरार फास्टने परत आलो. वसईला उतरता आले नाही. नालासोपाऱ्याला उतरून मागे आलो. दिवा शाबूत राहिला, हेच नशीब.

मग बुद्धी सुचली, की अवयव मुंबईत कशाला शोधायचे? बाबा कुठलीही वस्तू टाकणारे नव्हते. कापलेले तुकडे त्यांनी इथेच वाटले असणार. वहीची मागची पाने काढली, तर खरोखर यादी! पुढे कंसात नावांऐवजी नाती: सीट (न्हावी), दार १ (मावशी), दार २ (मोडले), झाकण (वरची वाडी), मेंढा (शेजारच्या आजी).

सीट सापडायला पाच मिनिटे लागली. मी चाळीस वर्षे तिच्यावर बसतच होतो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सलूनमधले गिऱ्हाइकांचे बाकडे! वरचे रेक्झिन बदललेले, स्प्रिंगा अमेरिकन. सलूनवाल्याला मी सगळे सांगितले. तो वस्तरा हातात धरून शांतपणे म्हणाला, "काका, माझ्या आज्यानं हिच्यावर गिऱ्हाईक बसवलं. हिच्यावर बसलं की माणूस तासभर उठत नाही. ही गेली तर लोक समोरच्या एसीवाल्याकडे जातील." वस्तऱ्यापुढे मी वाद वाढवला नाही.

मावशींकडचे दार कोंबड्यांच्या खुराड्याला होते आणि त्याची काच चालू होती. रोज सकाळी मावशी हँडल फिरवून काच खाली करतात आणि कोंबड्यांना हवा देतात. रात्री मुंगूस येते म्हणून वर करतात. मला त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. काच कुरकुर न करता खाली गेली. त्रेसष्ट रुपयांचे ग्रीस असते तर— असो, मावशी खोबरेल तेल घालतात. एवढ्या ऐषारामात राहणारी कोंबडी मी दुसरी पाहिली नाही. वरच्या वाडीतले डिकीचे झाकण पाण्याच्या टाकीवर होते. घरमालक म्हणाले, बाहेरच्या बाजूला फुगीर असल्यामुळे पावसाचे पाणी थांबत नाही, पान पडले तर घसरून जाते, असे झाकण आता बनत नाही. मी म्हटले, म्हणूनच तर हवे आहे. ते म्हणाले, "मग टाकीवर काय ठेवू? तुमचं तोंड?" हे त्यांनी हसत विचारले, पण प्रश्न रास्त होता.

राहिला मेंढा. डॉजच्या बॉनेटवर शिंगे वळवलेला, उडी मारण्याच्या बेतातला चकचकीत मेंढा असे. गाडीच्या सगळ्या अवयवांत तो सर्वांत दुर्मिळ, कारण चोरायला सर्वांत सोपा. शेजारच्या आजी नव्वदीच्या. मी गेलो तेव्हा डिसेंबरचा तिसरा आठवडा होता आणि ओट्यावर नाताळचा गोठा मांडणे चालले होते. गवताचे छप्पर, मातीचा योसेफ, मारिया, गाय, गाढव, पाचसहा मेंढरे. आणि त्या मेंढरांच्या पुढे, सगळ्यांच्या दुप्पट आकाराचा, चांदीसारखा चमकणारा आमचा डॉजचा मेंढा! बाळ येशूकडे अशा आवेशाने झेपावलेला, की मागचा गुराखी घाबरल्यासारखा दिसत होता.

"तुझ्या बापानं दिला," आजी म्हणाल्या. "म्हणाला, आज्जी, आता ह्या गाडीला माल वाहायचाय, मेंढा दिसला तर पोरं काढून नेतील. तुझ्याकडं राहू दे. तेव्हापासून दर वर्षी असतो. आमच्या सगळ्या पोरांना वाटायचं, बेथलहेमला एक मेंढा असाच होता." मग थोडे थांबून म्हणाल्या, "तुझा आहे, घेऊन जा. फक्त तीन राजांचा सण होऊ दे."

मी मान हलवली आणि पाय ओढत घरी न जाता किल्ल्याकडे गेलो. वसईकराला विचार करायचा असला की तो किल्ल्यात जातो. पडक्या भिंतींमुळे आपली अडचण लहान वाटते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, हे आपण शाळेत शिकतो. इथल्या चर्चांच्या घंटांचे काय झाले हे त्यामानाने कमी शिकतो. मराठ्यांनी त्या वितळवल्या नाहीत. हत्ती-बैलांवरून घाट चढवून देवळांना वाटल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, मेणवलीच्या घाटावर एक, भीमाशंकराला, पालीच्या बल्लाळेश्वराला. मेणवलीच्या घंटेवर मूर्तीही तीच आहे, कडेवर बाळ घेतलेली मारिया. खाली कृष्णामाई, पुढे शंकर आणि घंटेवर मारिया! अडीचशेहून अधिक वर्षे भाविक ती वाजवताहेत. जिंकणाऱ्याने उचलून नेल्या हे खरेच आहे. ते विसरून चालणार नाही आणि वसईत कुणी विसरलेलेही नाही. पण उद्या एखादा शौकीन गृहस्थ टोपी काढून म्हणाला, की या सगळ्या उतरवा, पोर्तुगालचे मूळ रूप आणू, तर काय होईल? इथली छपरे उडालेली चर्चे काही उभी राहणार नाहीत, आणि तिकडच्या देवळांत संध्याकाळी सामसूम होईल. भाग एकत्र येतील आणि आवाज मात्र कुठेच उरणार नाही.

त्या पायऱ्यांवर बसून मी एक साधी वजाबाकी केली. आमची गाडी मोटार म्हणून जगली १९५१ ते १९७४, तेवीस वर्षे. त्यातली एकही आठवण आमच्याकडे नाही. ती कुणातरी बंगलेवाल्याची. पिकअप म्हणून राबली १९७४ ते २००५, एकतीस वर्षे. २००५ साली टाटाची एस आली, लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले, आणि त्या हत्तीने आमच्या मेंढ्याला, म्हणजे मेंढा नसलेल्या गाडीला, फणसाखाली बसवले. या एकतीस वर्षांत माझ्या शाळेची फी, भावाचे लग्न, आजीची शेवटची रात्र, सगळे त्या हौद्यातून गेले. तिला मूळ रूपात आणायचे म्हणजे हौदा फोडायचा, बाबांच्या हातची पिंपाच्या पत्र्याची भिंत काढायची, वाढवलेले पाटे उतरवायचे. म्हणजे गाडी वाचेल आणि बाबांनी जे केले तेवढेच नेमके भंगारात जाईल. नियमाचे चूक नाही. आज तर १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल असा, की गाडीची मूळ घडण बदलताच येत नाही; आणि ते शहाणपणाचेच आहे, नाहीतर रस्त्यावर वाकलेल्या फियाटींची रांग लागेल. पण 'वाट लावली' हे मात्र खरे नव्हे. बाबांनी वाट लावली नव्हती, वाटून लावली होती. एकाची बैठक झाली, एकाचे खुराडे, एकाचे झाकण आणि एकाचा नाताळ.

भावाला हे समजावणे अवघड गेले. तो म्हणाला, "भावना ठीक आहे रे, पण पावसाळ्याचं काय?" मी म्हटले, गेल्या खेपेचा मुंबईचा दिवा विकू आणि पत्रे आणू. त्याने डोक्याला हात लावला, पण शनिवारी स्वतःच चार खांब पुरले. आता अर्धीला शेड झाली आहे. नंबर नाही, कागद नाहीत, व्हिंटेज ही पदवी तर नाहीच. दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, पर्किन्सला हँडल मारतो. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला ते खोकते आणि सगळ्या वाडीत धूर होतो. बायको म्हणते, डास जातात.

तीन राजांच्या सणानंतर आजींनी मेंढा खरेच कागदात गुंडाळून पाठवून दिला. मी तो पुसला, थोडे ब्रासो लावले आणि पुढच्या डिसेंबरात परत द्यायला गेलो, तर आजी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, म्हणून त्याची जागा मोकळी ठेवली होती."

शौकीन गृहस्थांचा परवा फोन आला.

"काय हो, मिळाले का पार्ट?"

"मिळाले की. एक दार सोडलं तर सगळे मिळाले."

"मग कधी पाठवताय?"

"नाही जमणार," मी म्हटले. "सगळे ड्युटीवर आहेत."